दाराजवळचे हळदीचे हात

आख्ख्या भिलाईत घर सजवावं तर मीच, असं मी छाती ठोकून सांगतो. छाती मलेच ठोका लागते, कावून का दुसऱ्या कोनाच्या तोंडून हे वाक्य अजून निघालं नाही.

शाळा मी सातवीत सोडली असं लोकं म्हनतात. खरं असं आहे का शाळा पहिले थकली. मंग बाबानं मले पावर हाउस बाजाराकडच्या एका टेंट हाउसात चिपकवून देल्लं. तिथं माहं काम म्हंजे बांबू उचलनं अन् मंडपाचा कपडा ओढनं. कपडा असा ताणाचा का त्यात एक सुरकुती नाही दिसली पाहिजे, अन् मंग त्याच कपड्याले चिमटीनं सुरकुत्या पाडून झालर कराची. ज्या कामात पहिले सुरकुती काढतात अन् मंग तीच परत पाडतात, ते काम माह्या डोक्याच्या मापाचं निघालं. लाल, पिवळा, रानी, पोपटी, सगळे रंग माह्या नखात जाऊन बसले. जेवतानी माय म्हनाची, “हात धू बे, भातात रंगपंचमी होऊन राहिली.”

आता लोकं मले घरी बोलावून नेतात. मोबाइलवर फोटो दाखवतात अन् म्हनतात, भैया, हमको ऐसा ही ट्रेडिशनल वाला चाहिए. फोटो असते कुठल्यातरी राजवाड्याचा अन् यांची खोली अशी का सोफा ठेवला तर मानसानं बाहेर बसावं. मले हसू येते, पन मी हसत नाही. कावून का हेच खूळ माह्या डोक्यात या सगळ्यांच्या पहिले शिरलं होतं. तेव्हा मोबाइलही नव्हता, म्हंजे मी कोनाचं पाहून बिघडलो असं म्हनाचीही सोय नाही. ते खूळ कसं चढलं अन् त्याच्यापायी माहं लगन कसं दारातून परत चाल्लं होतं, तेच सांगतो.

आमचं क्वार्टर सेक्टरातल्या सगळ्या क्वार्टरांसारखं. समोर एक खोली, मांगं एक खोली, सैपाकघर, अन् आंगनात जांबाचं झाड. सकाळी नळ पहिले खोकलाचा, मंग थुंकाचा, अन् मंग कुठं पानी याचं. भिंतीचा रंग धड पिवळा नाही, धड पांढरा नाही. कावीळ बरी होऊन राहिलेल्या मानसासारखा. बाबा स्टील प्लांटात, कोक ओव्हनच्या भट्टीवर होते. नाइट शिफ्टहून आले का पॅन्ट काढत, लुंगी लावत, अन् भाकरीसंगं जवसाची चटनी खाऊन झोपून जात. दिवसभरात चार शब्द बोलत, त्यातले दोन ‘चहा’ असत. माय मातर सगळ्यांच्या वाट्याचं बोलाची. भंडाऱ्याकडची होती, भिलाईत येऊन भात खायले शिकली, हिंदी शिकली, पन रागावली का तिकडचंच निघे. बाजूच्या क्वार्टरात दुलारी काकी, दुर्गजवळच्या खेड्यातली. मायची अन् तिची भिंतीवरून अशी दोस्ती होती का इकडची भाजी अन् तिकडची बेसनाची ठेठरी, दोन्ही भिंतीवरूनच जाऊन राहे, दार कोनी उघडत नव्हतं.

अन् आता रंजना. दुर्गच्या पद्मनाभपुरात एका लग्नाचं गेट बांधत होतो. मी शिडीवर, तोंडात टाचन्या, हातात झालर. खालून आवाज आला, “ओ भाऊ, डावीकून खाली आली.” पाह्यलं तर एक पोट्टी, हातात फुलाचं ताट. मी म्हटलं, “जमीनच तिरपी आहे.” ती म्हने, “मंग जमिनीले बांधा झालर.” अन् चालली गेली. मी उतरून दूर जाऊन पाह्यलं, तर झालर खरंच डावीकून खाली होती. सोडली, परत बांधली. शिडीवरून मी पडलो नाही तेवढंच, बाकी माहं सगळं त्या दिवशी पडलं. कोन, कुठली, हे इचारता इचारता कळलं का बोरसीची आहे, बाप रेल्वेतून रिटायर, मूळचे नागपूरकडचे, म्हंजे आपल्यातलेच. मी मायले सांगितलं. मायनं मामाच्या हातून निरोप पोचवला.

याच्या पहिले माह्यासाठी जे लोकं घर पाहून गेले होते ते ‘कळवतो’ म्हनून गेले होते. अजूनही कळवूनच राहिले. त्याचं मले दुःख नव्हतं, पन रंजनाचं असतं. तिच्या घरून निरोप आला का रविवारी पोट्टीचे वडील अन् आत्याबाई घर पाहाले येतात. मामानं वरून सांगितलं, “वडील भोळे आहेत. आत्याबाईले सांभाळ. लहानपनापासून पोट्टी तिनंच सांभाळली. ती नाही म्हटली का विषय खतम.”

झालं! माह्या आंगात करंट शिरला. शिक्षन दाखवू शकत नव्हतो, नोकरी दाखवू शकत नव्हतो, थोबाड तर लपवावं असंच. दाखवाले एकच गोष्ट होती: ही समोरची खोली. मी ठरवलं का आत्याबाईनं खोलीत पाय टाकला पाहिजे अन् तोंडातून ‘अरे बापा’ निघालं पाहिजे. (निघालं. पन ते पुढं.)

पहिले मायची लोखंडी पेटी उघडली. वरतून डांबराच्या गोळ्यांचा वास आला अन् खालून निघालं कोशाचं रेशमी लुगडं. मायच्या लग्नातलं, तिच्या गावच्या मागावर विनलेलं. रंग मधाचा अन् काठ लाल, करवतीच्या दातासारखा कातरा. मी ते हातावर घेतलं अन् माहं काळीज टेंटच्या कपड्यासारखं फडफडलं. आमच्या मंडपाचा कपडा चमकते, पन हात लावला का नायलॉनची बनियान. हे चमकत नव्हतं, आतून उजेड देऊन राह्यलं होतं.

“काय करून राहिला बे?” माय दारात उभी.

“माय, हे छताले लावतो.”

“छताले? लुगडं मानूस नेसते. छत कावून नेसन?”

“पाहुने वर पाहतीन ना.”

“वर पंखा आहे. गरमीत पंखा सुरू केला का माहं लुगडं कुठं जाईन?”

पंख्याचा इचार मी केला नव्हता. मी म्हटलं, मंग खिडकीले. मायनं लुगड्याचा काठ अंगठ्यानं चोळून पाह्यला. मंग म्हने, “टाचनी टोचशीन तर तीच टाचनी तुले टोचीन.” म्हनून मी जिंदगीत पहिल्यांदा सुई-दोरा घेतला, जुन्या नाड्यांचे फासे केले, हळू हळू काठाच्या मांगून टाके घातले अन् फाशांत बांबू ओवून ते लुगडं खिडकीवर सोडलं. दुपारचं ऊन पलीकून आलं. बापा! ती कावीळ झालेली भिंत मधात बुडली. स्टूल, टिनाची खुर्ची, कॅलेंडर, सगळं गुळाच्या पाकातून काढल्यासारखं. माय पदर धरून खोलीच्या मधोमध उभी राह्यली. तिच्या तोंडावर तो उजेड पडला होता अन् ती तिच्या लग्नात कशी दिसली असन ते मले तेव्हा कळलं. आजही कोनाच्या घरी पडदा लावला का मी पहिले तिथं उभा राहून पाहतो, मानसाच्या तोंडावर उजेड कसा पडते ते. कपडा नंतर.

त्याच्यानंतर मी थांबलोच नाही. फाटक्या लुगड्यांची मायनं शिवलेली वाकळ होती, चौकोनात चौकोन, निळा, जांभळा, हिरवा, कडेनं बारीक धावदोरा. ती उचलून दिवानच्या मांगच्या भिंतीवर टांगली. मायनं डोक्याले हात लावला. “पांघराची वस्तू भिंतीवर? लोकं म्हनतीन कोनी मुतलं म्हनून वाळू घातली!” मी म्हटलं, माय, तू कलाकार आहे, तुले माहीत नाही. ती म्हने, “मले एवढं माहीत आहे का आज रात्री तू काय पांघरशीन ते तुले माहीत नाही.”

मंग दाराच्या बाजूची भिंत. त्या भिंतीसाठी मी दुलारी काकीले मस्का मारला. तिच्या गावच्या घराच्या भिंती मी पाह्यल्या होत्या, गेरूचा लाल अन् त्याच्यावर छुहीच्या पांढऱ्या मातीचे मोर. काकी गेरू कालवून आली, काडीले चिंधी बांधली अन् हात असा चालवला जसं भिंतीवर पहिलेच सगळं होतं, तिनं फक्त धूळ पुसली. मोर, येल, हत्ती. एक हत्ती मी काढला. काकीनं त्याच्याकडे पाह्यलं अन् म्हने, “बाबू, तैं झन छू. तोर हाथ परथे त हाथी ह बोकरा हो जाथे.” मी हात मांगं घेतला, माह्या हत्तीचा खरंच बकरा झाला होता. तिनं त्याले दाढी काढून देल्ली अन् बकराच ठेवला.

खिडकी झाली, भिंत झाली, पन वरतून झालर पाहिजे होती, चारही बाजूनं. झालरीशिवाय मले खोली नागडी दिसे. टेंटचा कपडा मायनं उंबरठ्याच्या आत येऊ देल्ला नाही, म्हने लोकांच्या लग्नातलं तेल-हळद त्याले लागलेलं. म्हनून मी घरात जे जे कपड्याचं होतं ते ओढलं. मांगच्या खोलीतल्या चादरी गेल्या, टॉवेल गेले, सैपाकघराच्या दाराचा पडदा गेला. तरी एक बाजू उरली. तिथं बाबाच्या चौकड्याच्या लुंग्या अशा बसल्या, अशा बसल्या, का जसं त्याच कामासाठी विनल्या होत्या. बाबा शिफ्टहून आले, पॅन्टीच्या पट्ट्याले हात घातला अन् म्हनले, “लुंगी?”

मी बोटानं वर दाखवलं.

बाबानं मान वर करून पाह्यलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाह्यलं. म्हनले, “चांगली दिसून राहिली.” अन् पॅन्टीवरच जाऊन झोपले. असा बाप लाखात एक. मी त्याच्यावर गेलो असतो तर बरं झालं असतं, पन मी मायवर गेलो अन् तिच्यासारखंही जमलं नाही.

रविवारी सकाळी सगळं तयार. दुलारी काकी भाचीच्या पोराच्या छट्ठीले, सहाव्या दिवसाच्या कार्यक्रमाले, गावी गेलेली. माय आत, कढईत आलूपोहे, पाटवड्यांचा वास सगळ्या घरात. मी खोलीच्या मधात उभा, अन् माही नजर दाराच्या दोन्ही अंगांवर गेली. आतून, चौकटीच्या बाजूनं, दोन पट्टे रिकामे होते. काकीचा गेरू तिथपर्यंत पोचला नव्हता. ते रिकामेपन मले असं टोचलं जसं जेवनात खडा. अन् मंग एकदम आठवलं! लग्नघरी मंडप सोडाले जातो तेव्हा दाराजवळ हळदीचे हात असतात, पिवळे जर्द, बोटं फाकलेली. किती घरी पाह्यले होते! त्याच्यापेक्षा सुंदर दाराले काही शोभत नाही. कोन मारते, कधी मारते, हे मी कधी इचारलं नव्हतं. आमी टेंटवाले, लगन लागते तेव्हा बाहेर जेवनाच्या पंगतीचे टेबल लावत असतो, अन् आत जातो ते सगळं आटोपल्यावर, बांबू खांद्यावर घेऊन. मायच्या डब्यातून हळद घेतली, थाळीत कालवली, अन् मारले हात. इकून, तिकून, वर, खाली. जास्तीच मारले. मोर पिवळे झाले तर झाले. लांब जाऊन पाह्यलं अन् मले माहाच हात चुमावा वाटला.

ते आले. वडील बारके, पांढरी मिशी, चप्पल बाहेर काढून पहिले इचारलं, “नळ किती वेळ राहते?” आत्याबाई त्यांची मोठी बहीन. अंगानं थोराड, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, अन् नजर अशी का वजनकाट्यावर ठेवल्यासारखं वाटे. आत पाय टाकला अन् थांबल्या. कोशातून ऊन येऊन राह्यलं होतं.

“अरे बापा,” आत्याबाई म्हनल्या.

माही छाती झालरीपर्यंत गेली. दोघं दिवानवर बसले. वडिलांनी मांगं वळून वाकळीवर हात फिरवला. “आमच्या मायची अशी होती. तिच्याखाली आमी सगळे भावंडं झोपत होतो.” आत्याबाईनं पडद्याचा काठ बोटात धरला, उलटा केला. “करवती काठ. खरा कोसा आहे, भाऊ. आजकाल कुठं दिसते?” अन् माह्याकडे पाह्यलं. “तू लावला?” मी म्हटलं हौ. “टाके बरे आहेत.” मायनं आतून चहा देल्ला. मी मनात रंजनाले बोरसीहून आनत होतो, ऑटो पावर हाउसपर्यंत पोचलाही होता.

ते शिरले तेव्हा हळदीचे हात त्यांच्या पाठीकून होते. आता दिवानवर बसल्यावर दार समोर आलं. आत्याबाईचा कप ओठाजवळ थांबला.

“हे हात कोनाचे?”

मले वाटलं, तारीफ होऊन राहिली. मी म्हटलं, “घरचेच आहेत, आत्याबाई.”

“घरचे? ओले दिसतात.”

“हौ ना, ताजे आहेत. आज सकाळचे.”

आत्याबाईनं कप खाली ठेवला. “ऊठ भाऊ. या पोराची नवरी आज सकाळीच घरात आली आहे.”

वडील उठले. माय पोह्याची प्लेट घेऊन बाहेर आली. “कोन नवरी?” आत्याबाईनं दाराकडे बोट केलं. मायनं हात पाह्यले, तिचा रंग उडाला, अन् माही सख्खी माय माह्याकडे वळून म्हने, “गज्या, कोन आहे बे ती?”

परक्यानं संशय घेतला ते ठीक, पन मायनंही घेतला! “अवो माय, कोनी नाही!” मी म्हटलं. घाबरलो का माहा आवाज पोरीसारखा होते, त्याच्यानं आनखीनच संशय वाढला. आत्याबाई म्हनल्या, “कोनी नाही तर मांगच्या खोलीचं दार कावून लोटलं?” अन् पदर खोचून सरळ आत. मांगं माय, मांगं मी, मांगं वडील, त्यांच्या हातात पोह्याची प्लेट, कावून का मायनं घाबरून ती त्यांनाच देऊन टाकली होती.

मांगच्या खोलीत नवरी नव्हती. काहीच नव्हतं. उघडी गादी, उघडी उशी, दोरीवर एक रुमालही नाही, जसं चोर येऊन गेले. अन् त्या गादीवर बाबा, प्लांटची पॅन्ट अन् बनियान घालून, मांडी घालून बसलेले. आत्याबाईले पाहून हात जोडले. “मी बाप.”

“ते दिसते. नवरी कुठं आहे?”

बाबा उठले. सगळ्यांच्या मधून समोरच्या खोलीत गेले, दाराजवळ उभे राह्यले, हातांकडे पाह्यलं, मंग माह्याकडे. “लाव बे हात.”

“काय?”

“त्याच्यावर लाव तुहा हात.”

मी लावला. उजव्या हाताची माही करंगळी टेंटचा खुटा ठोकताना हातोडीखाली आली होती, तेव्हापासून बाहेरच्या बाजूनं वाकडी. भिंतीवर जेवढे उजवे हात होते, त्या सगळ्यांची करंगळी वाकडी होती. वरचा, खालचा, मोराच्या पाठीवरचा, सगळ्यांची. आत्याबाईनं माहं मनगट धरलं अन् एकेका हातावर ठेवून पाह्यलं, जसं शिंपी माप घेते. बरोबर बसला.

“मंग हे तू कावून मारले?”

“चांगले दिसतात म्हनून.”

“नवी नवरी उंबरठा ओलांडून आली का हे हात मारते. तुले माहीत नाही?”

“नाही जी. आमी मंडप सोडाले जातो तेव्हा भिंतीवर असतात. मले वाटलं लाइटिंगवाला मारून जाते.”

माहा हात भिंतीलेच चिपकलेला, काढावं का ठेवावं कळेना. मले दिसत होतं का रंजनाचा ऑटो पावर हाउसहून परत वळला. तिनं झालर सुधरवली होती, अन् मी आख्खी सोयरीक वाकडी बांधून ठेवली. मायनं डोळ्याले पदर लावला. आता रडन म्हनून मी पाहून राहिलो, तर तिचे खांदे हालून राहिले होते, अन् पदराखालून आवाज आला तो हसन्याचा. ते पाहून वडिलांची मिशी थरथरली, प्लेटीतले पोहे सांडले, अन् ते म्हनले, “म्हंजे ताई, या घरची नवरी हाच!” अन् असे हसले, असे हसले, का दिवानवर बसा लागलं. बाबाही हसले, मी त्यांना आवाज काढून हसताना पहिल्यांदाच पाह्यलं.

आत्याबाई मातर हसल्या नाही. त्या माह्याकडे पाहून राहिल्या, मंग भिंतीकडे, मंग परत माह्याकडे. वडिलांनी डोळे पुसले अन् म्हनले, “पोट्टा बह्याड आहे ताई, पन खोटा नाही वाटत.”

“खोटं बोलाले डोकं लागते, भाऊ,” आत्याबाई म्हनल्या. “याच्याकून तेवढं भेव नाही. देऊन टाक पोट्टी.”